वादळावर अडलेला काटा

खंडेनवमीच्या सकाळी रोहिदासकाकांच्या चाकणच्या वर्कशॉपात प्रेस मशिनांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. मशिनांच्या ओळीच्या टोकाला, ट्रेलरवर, काकांनी सुट्टीच्या दिवशी खपून खपून बांधलेली छोटी पांढरी बोट उभी होती. गावानं तिच्यावर हसायचं तेवढं हसून घेतलं होतं. "रोहिदासराव, भामा नदीत सोडताय व्हय, का कंपनीच्या टाकीत?" काकांचं उत्तर ठरलेलं. "उभा जन्म ह्या ठोक्यांत गेला, भावा. आता जितं म्होरं भिंत न्हाई तितं जायचंय."

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या मुहूर्तावर बोट रेवदंड्याच्या खाडीत उतरायची होती. राहिली होती ती केबिनमधली पितळी उपकरणं बसवायची. मोडीत काढलेल्या कुठल्याशा जहाजावरचं होकायंत्र, घड्याळ आणि हवेचा दाब दाखवणारी गोल तबकडी काकांनी मुंबईच्या भंगारवाल्याकडून आणली होती. पूजेला मांडायची म्हणून शालनकाकीनं देवाची भांडी घासावीत तशी तिन्हींचीही कडी चिंचेनं घासली होती. पितळ असं उजळलं होतं, की त्यात वर्कशॉपचं छप्पर दिसत होतं.

"तनू, ह्येच्यावर काय लिवलंय गं?" काकीनं दाबाच्या तबकडीवर बोट ठेवलं.

तनुजा काकांची पुतणी. भौतिकशास्त्र शिकलेली, एका कंपनीच्या मोजमापाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. विचारलं की सांगायचं, ही तिची सवयच. तिनं इंग्रजी अक्षरं वाचून टाकली. "वादळ, पाऊस, बदल, निरभ्र. हवा कशी होणार ते."

"आन काटा कशावर हाय?"

तनुजानं पाहिलं. काटा वादळाच्याही खाली, पार टोकाला जाऊन टेकला होता. "वादळ," ती बोलून गेली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

काकीनं हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला. "मंग बोट न्हाई जायची."

काका हसले. बाहेर आश्विनाचं कडकडीत ऊन पडलं होतं. "अगं, जुनं हाय त्ये. बिघडलं असंल."

"बिघडलं असंल तर बसवता कशाला? आन बिघडलं नसंल तर जाता कशाला?"

त्या घरात काकीचा शब्द खाली पडत नसे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तबकडी उचलली आणि तनुजाला बोटीच्या मागं बोलावलं. "पाठीमागं स्क्रू हाय बघ. फिरव, आन आण काटा निरभ्रावर. तिला काय कळतंय?"

तनुजानं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. प्रयोगशाळेत ती रोज हेच करायची. पण तिथं चूक असेल तरच स्क्रू फिरायचा.

"काका, हे बहुतेक खरं सांगतंय. हे समुद्रासाठी बनवलंय. तिथं डोक्यावर जेवढी हवा असते, तेवढी इथं नसते. आपण सहाशे मीटर वर राहतो. तेवढा थर आपल्या पायांखाली राहिला. म्हणून काटा पडलाय. इथं स्क्रू फिरवला, तर समुद्रावर हे कायम निरभ्रच म्हणेल. खरं वादळ आलं तरी."

काका हळूच म्हणाले, "आन खरंच बिघडलेलं असंल तर?"

ते तनुजालाही ठाऊक नव्हतं. गणित तिला पाठ होतं. डोळ्यांनी मात्र तिनं हे कधी पाहिलं नव्हतं.

ती काकीसमोर जाऊन बसली. "काकी, उद्या हे मांडीवर घेऊन घाटाखाली खोपोलीपर्यंत चल. तिथंही काटा वादळावरच असला, तर बोट तिथूनच माघारी. काकांना चालेल."

काकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी मान हलवली.

दसऱ्याला पिकअप निघाला. मागं ट्रेलरवर बोट, पुढं काका, तनुजा, आणि मधोमध काकी, मांडीवर टॉवेलात तबकडी. तळेगाव गेलं, लोणावळा आला. काटा ढिम्म.

"मेलाय ह्यो," काकी म्हणाली. "अजून आपण उंचावरच आहोत," तनुजा म्हणाली, पण तिचीही नजर तबकडीवरच होती.

खंडाळा मागं पडला आणि घाट उतरू लागला. "काचेवर टिचकी मार," तनुजा म्हणाली. काकीनं मारली. काटा थरथरला आणि टोक सोडून केसभर वर आला.

काकीनं पुन्हा टिचकी मारली. तो आणखी सरकला. मग टिचकीचीही गरज उरली नाही. वळणामागून वळण जात होतं, आणि काटा कुणी बोटानं ढकलावा तसा सावकाश चढत होता. वादळ मागं पडलं.

"माज्या कानात दडे बसले," काकी पुटपुटली.

"ह्याच्या आत एक पत्र्याची पातळ डबी आहे. तुझ्या कानाच्या पडद्याला जे कळतंय, तेच तिला कळतंय."

बोलता बोलता तनुजाच थांबली. खिडकीबाहेर दरी होती. रोज जिला आपण रिकामी म्हणतो ती. ती रिकामी नव्हती. हवेनं काठोकाठ भरलेली होती, आणि ते तिघं ट्रेलरवरच्या बोटीसकट तिच्यात खोल खोल बुडत चालले होते. खाडी अजून कित्येक कोस लांब होती. समुद्र मात्र इथंच, घाटमाथ्यावरच सुरू झाला होता.

खोपोलीत काकांनी गाडी कडेला घेतली. तबकडीकडे पाहायचं त्यांना धाडस होईना. "काय म्हनतोय?"

"वादळ गेलं. पाऊस बी गेला." काकी वाकून बघत होती. "बदल आन निरभ्राच्या मधी हुबा हाय. पुरतं निरभ्र न्हाई, व्हय गं?"

"नाही," तनुजा म्हणाली. स्क्रूड्रायव्हर तिच्या पिशवीतच होता.

"पुरतं निरभ्र म्हनला असता, तर म्या इस्वास ठिवला नसता. चला, अवो. बसलाय काय?"

दुपारी खाडीत बोट तरंगली. काका केबिनमध्ये शिरले, पण काकीनं तबकडी कुणाच्या हाती दिली नाही. काठावर उभी राहून ती वर पाहत होती. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

"ह्ये समदं," तिनं हात वर केला, "आपल्या डोस्क्यावर असतं?"

"हो, काकी. सदा."

काकीनं देवळात शिरताना घेते तसा डोक्यावरून पदर घेतला, तबकडी छातीशी धरली, आणि बोटीत पाऊल टाकलं.