यशोदाबाईंच्या गिरणीची पाटी

रंगराव पेंटरानं पंधरा वर्षं दुसऱ्याच्या मर्जीची अक्षरं काढली. नाजूक, वळणदार, शेपट्या फुटलेली. मग पिंपरीत नवा कारखाना उभा राहिला, तिथं यंत्रांवर नंबर रंगवायला तो गेला आणि त्या यंत्रांच्या घाटावर गडी जो खुळावला तो खुळावलाच. घरी येऊन पट्टी आणि कर्कटक घेऊन बसला. गोल म्हणजे गोल, रेघ म्हणजे रेघ आणि जाडी तर मनगटाएवढी. ही अक्षरं पन्नास वर्षांनंतरची आहेत, असं तो सांगत सुटायचा. लोक म्हणायचे, मग तवाच काढ की बाबा.

शेवटी आकुर्डीच्या लक्ष्मणरावांनी इंजिनावरची गिरणी काढली. ज्योतिषानं सांगितलं म्हणून बायकोच्या नावानं काढली. पाटीचं काम रंगरावाकडं दिलं, आणि तिथंच फसले.

नारळ फोडायच्या दिवशी पाटी चढली. निळ्या पत्र्यावर शेंदरी रंगात, 'यशोदा पिठाची गिरणी'. म्हातारे सोपानराव मान वर करून म्हणाले, "अक्षरं हायत का इंजनाचं सुटं भाग?"

लक्ष्मणराव बाहेर आले आणि त्यांचा चेहराच पडला. "आरं रंगराव, बायकोचं नाव असं गावाच्या कानात वरडायचं असतंय व्हय? पुसून टाक. बारीक, सालस लिव."

त्यांचंही बरोबरच म्हणा. बायकोला चारचौघांत 'अगं ए' म्हणायचे ते दिवस. पण एवढी एकच पाटी रंगरावाच्या मनासारखी झाली होती. ही पुसली तर पुन्हा कुणी असलं काम देणार नव्हतं, जन्मभर शेपट्याच काढाव्या लागल्या असत्या. गुमान फडकं रॉकेलात बुडवून तो शिडी चढला.

तेवढ्यात बैलगाडी थांबली. पूजेचं ताट घेऊन यशोदाबाई उतरल्या. बाई तिसरी शिकलेली.

"फडकं खाली ठेवा," त्या रंगरावाला म्हणाल्या. "वढ्यापल्याडनं वाचलं मी. लगीन झाल्यापास्नं माजं नाव निस्तं म्हायेरीच ऐकलं. आज एवढं थोरलं बघितलं, लई बरं वाटलं."

लक्ष्मणराव पुटपुटले, "लोक हसत्यात गं."

"हसू द्या. तुमी वाचा बघू."

सगळा गाव गोळा झालेला. लक्ष्मणरावांनी घसा खाकरला, धोतराचा सोगा सावरला आणि पायाकडं बघत पाटी वाचली.

"न्हाई ऐकू आलं," यशोदाबाई म्हणाल्या.

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. लक्ष्मणरावांचे कान लाल झाले, पण या खेपेला त्यांनी मान वर केली आणि असं खणखणीत वाचलं की बैल बुजले. शिडीवर रंगराव खुळ्यासारखा हसत होता आणि डोळेही पुसत होता.

मग कुणी न सांगता लक्ष्मणराव तिसऱ्यांदा बोलले. पाटीकडं न बघता, बायकोकडं बघून, नुसतंच, "यशोदा."