सरोवराची खोली किती वेळा विचारावी

हवामान केंद्रातली अपोंडी पालथ्या घातलेल्या होडीवर चढली, घसा खाकरला आणि आपला प्रोग्रॅम मोठ्यांदा वाचू लागली.

किसुमूजवळच्या सरोवराच्या त्या किनाऱ्यावर रीतच तशी होती. हवामान केंद्राचा कॉम्प्युटर ज्या प्रोग्रॅमवर अंदाज काढणार, तो आधी कोळ्यांच्या पंचांसमोर शब्दन् शब्द वाचायचा. जे आमच्या कानात शिरत नाही त्याच्या भरवशावर आम्ही पाण्यात शिरत नाही, असं पंचांचं म्हणणं. केंद्राचे साहेब सुरुवातीला हसले. मग स्वतःची खुर्ची घेऊन ऐकायला येऊ लागले.

आधी केंद्रातल्याच ओग्वेनोचं वाचन झालं होतं. त्याचा प्रोग्रॅम सुसाट धावायचा. चहा गार व्हायच्या आत अंदाज हातात. पण वाचायला घेतला की, "क बरोबर क अधिक ज दोन, ज दोन बरोबर ज एक..." एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून हातात घेतली. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं.

"ह्यात आपलं सरोवर कुठंय रे?" पंचांच्या प्रमुख डोर्कास आजींनी विचारलं होतं.

"क मध्ये असावं," ओग्वेनो म्हणाला. "मागच्या वर्षी तरी होतं."

आणि हा ओग्वेनो पुढच्या महिन्यात बदली होऊन नैरोबीला निघाला होता. मग क मध्ये काय आहे, ते सांगणार कोण?

अपोंडीच्या प्रोग्रॅममध्ये वारा म्हणजे वारा होता आणि पाणी म्हणजे पाणी. फक्त तो चालायचा सावकाश. वादळाचा अंदाज अचूक द्यायचा, पण वादळ येऊन, होड्या पालथ्या घालून, परत गेल्यावर. आज ओमेना ह्या बारीक मासळीसाठी रात्रीच्या होड्या दिवे घेऊन निघायच्या आत अंदाज आला नाही, तर हंगामभर ओग्वेनोचाच प्रोग्रॅम लागणार, असं ठरलं होतं.

"सरोवराच्या प्रत्येक चौकोनासाठी," अपोंडी वाचत होती, "वारा घे. पाण्याची ऊब घे. खोली घे."

"खोली घे म्हणजे काय करायचं?" आजींनी अडवलं. एखाद्या शब्दाच्या पोटात आणखी काम दडलेलं असेल तर तेही वाचायचं, आणि दरवेळी वाचायचं, हाही रीतीचाच भाग.

"नकाशा उघड. चौकोन शोध. खोली बघ. नकाशा मिट."

"हां. पुढं."

"शेजारचा चौकोन. वारा घे. ऊब घे. खोली घे. नकाशा उघड. चौकोन शोध..."

दोन-तीन चौकोन झाले तसा तो टोपीवाला म्हातारा तिच्याबरोबर पुटपुटू लागला. मग सगळे पंच. मग पलीकडे मासळी वाळत घालणाऱ्या बायकाही एका सुरात "नकाशा मिट!" म्हणू लागल्या. रविवारच्या प्रार्थनेतही ह्या गावाचा इतका एकोपा कुणी पाहिला नव्हता.

"चालू दे, बाई," ओग्वेनो खालून ओरडला. "नाताळपर्यंत पलीकडच्या काठाला लागशील!"

सगळे हसले. अपोंडीचं बोट मात्र कागदावरच थांबलं. कागदावर तो एकच शब्द होता, 'खोली'. सुटसुटीत, देखणा, तिनेच घडवलेला. आणि त्याच्या पोटात अख्ख्या सरोवरभर नकाशे उघडत होते, मिटत होते, मिटलेले पुन्हा उघडत होते. खोली काय संध्याकाळपर्यंत बदलणार होती?

ती होडीवरच बसली आणि लॅपटॉप मांडीवर ओढला.

"अगं, वाचन अर्धं राहिलं," आजी म्हणाल्या.

"एक काम जागेवरून हलवते, आजी."

"हलव. पण मोठ्यांदा हलव. इथं गुपचूप काही हलत नाही."

"नकाशा एकदाच उघड," टाइप करता करता अपोंडी वाचू लागली. "सगळ्या चौकोनांची खोली लक्षात ठेव. नकाशा मिट. आता सगळ्या सरोवराला एकदम वारा लाव."

"म्हणजे आमचं म्हणणं संपलं?" टोपीवाला हिरमुसला.

"एकदा म्हणा, आजोबा."

त्याने ते एकदाच म्हटलं, पण असं की बगळे उडाले.

अपोंडीने प्रोग्रॅम सुरू केला. ओग्वेनो तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला, तोंडात टोमणा तयार ठेवून. स्क्रीनवरचे आकडे झरझर उतरले. टोमणा तोंडातच राहिला.

"माझ्यापेक्षा हळूच आहे," आकडे बघत तो म्हणाला.

"तुझ्यापेक्षा हळू आहे," अपोंडी म्हणाली. "वादळापेक्षा नाही."

अंदाज होता, रात्री वादळ. वर आभाळ घासून ठेवलेल्या थाळीसारखं लख्ख.

"कशावरून?" आजींनी विचारलं.

अपोंडीने कागद त्यांच्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "दोन्ही काठांवरून गार वारे सुटणार. मधलं पाणी गरम आहे. तिथं ते एकमेकांना भिडणार."

आजींनी ओळ वाचली. ओठ हलवत, पुन्हा एकदा. मग उठल्या आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या होडीचा दोर ओढायला लावला. एकामागून एक होड्या वाळूवर आल्या. कुणी कुरकुरलं नाही. ऐकलं तर सगळ्यांनीच होतं.

खांबावर धोक्याचं लाल निशाण चढलं. अपोंडी होडीवरून खाली उतरली नाही. कमरेवर हात ठेवून ती पाण्याकडे पाहत उभी राहिली. पाणी संथ होतं, एक लाट नव्हती. वादळाची बातमी अख्ख्या किनाऱ्याला होती. सरोवराला अजून नव्हती.