मुर्ध्याच्या खाडीतल्या सतरा खुंट्या

मी एक जुनी तिवर आहे, मुर्ध्याच्या खाडीकाठचं खारफुटीचं झाड. मित्रांनो, माझ्या शेजारी कांदळ उभी असते. दोघी खाऱ्या चिखलात वाढतो, म्हणून लोक आम्हाला बहिणी समजतात. पण कूळ वेगळं! पुस्तकवाले मला साग-निर्गुडीच्या गोतात बसवतात. कांदळीचं कूळ तिचं स्वतःचंच. माझी मुळं चिखलातून बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. तिची खोडातूनच खाली उतरतात, जणू काष्टा घालून ती पाण्यात उभी आहे. मी बांधापर्यंत कुठेही रुजते; तिला पाण्यालगतचा मऊ चिखलच लागतो. आणि लेकरं? माझं बी पडतं, वाहून जातं, मी बघत राहते. ती मात्र बाळाला अंगावरच रुजवते आणि हातभर लांब हिरवी शेंग झाल्यावरच सोडते.

पूर्वी इथे पुष्कळ कांदळी होत्या. जाळी रंगवायला त्यांची साल लागायची. १९३८ साली ही एकटीच उरली, आणि होळीला जानू कोळी बायकोला म्हणाला, "गोदू, पाऊस सरला का ही कांदल तोरतंय. नव्या जाल्याला साल पायजे."

गोदूबाई तिथेच चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायची. "तोरा! मंग चिंबोऱ्या कुटं लपतीन? तुमचे टोपीन?"

जानू हसला, पण हट्ट सोडला नाही. माझा जीव टांगणीला!

पावसात शेंगा पडल्या. चिखलात पाय कुठे रुतत नाही ते कळावं, म्हणून गोदूबाईने त्याच उचलून वाटेवर खुंट्यांसारख्या खोचल्या. सतरा. मी मोजल्या.

दसरा झाला. जानू कुऱ्हाड घेऊन त्याच वाटेने आला आणि मध्येच थबकला. प्रत्येक खुंटीच्या शेंड्यावर चकचकीत पानांची जोडी!

"गोदू, तुजे खुंट्यांना पाला फुटलाय!"

गोदूबाई स्वतःच चकित झाली होती. पण कबूल कशाला करेल? "खुंट्या न्हाय त्या. तिची पोरां हायेत."

"मंग पोरांचे देखत आईला कसा तोरू?" जानू खो-खो हसला, कुऱ्हाड खांद्यावर टाकून परतला. जाळ्यासाठी त्याने घोडबंदरच्या डोंगरातून ऐनाची साल आणली.

याला दहा वर्षं होतील. दोन रोपं म्हशींनी तुडवली. बाकीच्यांनी आता आईसारखा काष्टा घातलाय, आणि चिंबोऱ्यांची तिथे नुसती धमाल!

आम्ही तिवरी भरपूर आहोत, म्हणून सरपणाला आमचीच फांदी तोडतात. मित्रांनो, जपून तोडा. कांदळीही एके काळी भरपूरच होत्या.

भरती ओसरली वाटतं. थांबा हं, आधी मोजू दे... पंधरा. आहेत सगळ्या!