सोयराबाईंचा सताप

कानडी मुलखातल्या देवराज मोहल्ल्यात शिलाईच्या दुकानामागे सोयराबाईंचं वीतभर अंगण होतं, आणि त्या अंगणात सतापाचं झुडूप. निळसर बारीक पानं, हात लागला की थेट नाकात शिरणारा उग्र वास. सून कीर्तना नाक मुरडायची. सोयराबाई मात्र मातीत वाळू मिसळून, फुलं झडली की छाटून त्याला जपायच्या. छाटायचं तेही ऊन उतरल्यावर, लांब बाह्यांचं पोलकं घालून. रस कातडीला लागला आणि वर ऊन पडलं की फोड येतात, हे त्यांना आईनं शिकवलं होतं.

माडीवर नाशिककडची अवनी भाड्यानं राहायची. बाळंतपणानंतर सोयराबाईंनीच तिला न्हाऊमाखू घातलं होतं. एकदा तान्ह्या सात्विकचं नाक चोंदलं, तेव्हा ती पानं मागायला खाली आली.

सोयराबाईंनी एक डहाळी दिली. "फडक्यात बांधून पाळण्याला लाव. अंगाला चोळू नको हं. ऊन तर नकोच नको. कळलं काय?"

"हो काकू."

दोन-तीन दिवसांनी पोराच्या छातीवर फोड उठले. डॉक्टरांनी झाडाचं नाव विचारलं आणि रस चोळल्याचं तेवढ्यावरून ओळखलं. बातमी कळताच अवनीची सासू सुनंदाबाई नाशिकहून आल्या आणि सरळ अंगणात उतरल्या.

"माझ्या नातवाच्या छातीला काय चोळलंत तुम्ही?"

"मी? मी नाही बाई. अवनी, तूच सांग गं."

अवनी जिन्यात उभी होती. बाळाची शाल नीट करत ती म्हणाली, "काकूंनीच लावलं. मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

दुकानातून त्यांचा मुलगा शशांक धावत आला आणि त्यानं सुनंदाबाईंपुढे हात जोडले. आईकडे वळून म्हणाला, "अम्मा, सुम्ने, गप बस आता. वाढवू नको."

दुसऱ्या दिवशी त्या विठ्ठलाच्या देवळातून भजन करून परतल्या, तर सतापाच्या जागी नुसता खड्डा.

"उपटताना मला विचारलं का नाहीस?" त्यांनी दुकानात जाऊन शशांकला विचारलं.

"विचारलं असतं तर उपटू दिलं असतंस?"

"मीच त्या पोराला लावलं असं वाटतं तुला?"

शशांकनं कात्री खाली ठेवली. "तसं नाही गं. पण वय झालंय. विसरली असशील."

सोयराबाई आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. अवनी परकी होती. याला तर त्यांनी पोटात वाढवलं होतं.

फोड बरे झाले, सुनंदाबाई गावी गेल्या. मग अवनी एकटीच खाली आली.

"काकू, मी फोनवर वाचून चोळलं होतं. मग सकाळच्या उन्हात घेऊन बसले. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी मला घरात राहू दिलं नसतं."

"मग आता फोन करून सांग त्यांना."

"आता कशाला? बाळ बरं आहे ना."

सोयराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. याच पोरीच्या अंगाला त्यांनी तेल लावलं होतं. त्या उठल्या आणि तिच्यासमोरच दार लावून घेतलं.

दुकानाच्या पडद्यापलीकडे शिलाईचं मशीन थांबलं होतं. शशांकनं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी तो रोपवाटिकेतून सतापाचं नवं रोप घेऊन आला, पण आईकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही. "अम्मा, लाव ना," एवढंच म्हणाला.

"तूच लाव," त्या म्हणाल्या.

त्यानं लावलं. कीर्तना रोज सकाळ-संध्याकाळ त्याला तांब्याभर पाणी घालू लागली, कदाचित सासूला बरं वाटावं म्हणून. सतापाला इतकं पाणी सोसत नाही, मुळं कुजतात. खालची पानं पिवळी पडलेली सोयराबाईंना पहिल्या आठवड्यातच दिसली. एक शब्द पुरला असता. त्यांनी टाळ उचलले, पायात चपला सरकवल्या आणि दुकानाच्या दारानं देवळाकडे निघून गेल्या.