'घाई नको'चा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ

रतन साळवे आणि राजनंदिनी इंगोले वाघोलीच्या कॉलेजात एका बाकावर बसू लागले, तेव्हा 'इल्मार' नावाचा परदेशी गेम येऊ घातला होता. ओसाड किल्ले, तलवारी, आणि आपण घेऊ त्या निर्णयाप्रमाणे बदलत जाणारी गोष्ट. जाहिरातींनी असं रान उठवलं होतं की वर्गातल्या पोरांनी खेळण्याआधीच त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवून टाकलं. प्रत्यक्षात गेम आला आणि सगळ्यांची तोंडं कडू झाली. घोडे जमिनीत रुतायचे, माणसं भिंतीआडून बोलायची, आणि आठवडाभर खेळून जपलेला डाव एखाद्या सकाळी पुसून गेलेला असायचा.

त्या रागातून दोघांनी चॅनल काढलं. नाव ठेवलं 'घाई नको'. कुठलाही गेम पहिल्या दिवशी घ्यायचा नाही, ट्रेलरवर विश्वास ठेवायचा नाही, आणि कंपनी 'लवकरच' म्हणाली की कॅलेंडर उलटं टांगायचं, हा त्यांचा धर्म. कॅमेऱ्यासमोर राजनंदिनी बोलायची, कापाकापी रतन करायचा. ती मूळची अमरावतीची, पण पुण्यात राहून तिची भाषा घोटीव झाली होती. रतन विश्रांतवाडीतच वाढलेला. कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते समोरच्याला घरी गेल्यावर लागायचं. कॉलेज संपलं, दोघं खराडीच्या वेगवेगळ्या कंपन्यांत लागले, तरी चॅनल चालूच राहिलं. मराठीत गेमवर बोलणारे थोडे, त्यात नाक मुरडत बोलणारे अजून थोडे. त्यामुळे बघणारे निष्ठावान होते.

'इल्मार'चा दुसरा भाग जाहीर झाला तेव्हा या निष्ठावानांना दिवाळी आल्यासारखं झालं. ट्रेलरखाली कुणी लिहिलं, "ट्रेलर भारी आहे, म्हणजे गेम नक्की पडणार." कुणी लिहिलं, "पहिल्या भागातला माझा घोडा अजून जमिनीत आहे. आधी त्याला बाहेर काढा, मग दुसऱ्याचं बोला." परदेशातल्या मासिकांनी चार तास खेळून 'दशकातला सर्वोत्तम' असं लिहायला सुरुवात केली, तशी इकडची थट्टा आणखी धारदार झाली.

मग एके दिवशी चॅनलच्या पत्त्यावर निमंत्रण आलं. विमाननगरच्या एका हॉटेलात काही निवडक लोकांना गेमचा एक भाग आधीच खेळायला देणार होते. जागा एकच होती.

"तू जा," रतन म्हणाला. "चेहरा तुझा आहे."

"आणि जेवण चांगलं असलं तर?"

"तर जेवणावर व्हिडिओ कर. गेमवर काय करायचा ते ठरलेलंच आहे."

दोघंही हसले. खरंच ठरलेलं होतं.

राजनंदिनी शनिवारी तिथे जाऊन आली. आयोजकांनी प्रत्येकाच्या समोर छोटा कॅमेरा लावला होता; खेळताना खेळणाऱ्याचा चेहरा आणि त्याच्या पडद्यावरचा गेम, दोन्ही टिपलं जायचं आणि ते चित्रण नंतर त्यालाच दिलं जायचं. तिने सगळं रतनला पाठवलं आणि फोन केला. तिच्या ऑफिसात त्या आठवड्यात मोठं काम अंगावर आलं होतं.

"मला मान वर करायला वेळ नाही रे. तू नेहमीसारखं कापून टाक. मी बघत बसत नाही."

"कसा होता गेम?"

"तू बघ ना. मग बोलू."

रविवारी दुपारी आईने ताट झाकून ठेवल्यावर रतन चित्रण बघायला बसला. पहिला अर्धा तास राजनंदिनीचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता: एक भुवई वर, ओठ जरा वाकडे. मग गेममध्ये एका नदीकाठची गिरणी आली. तिथे एक आंधळी म्हातारी होती. ती खेळणाऱ्याला विचारायची, दारावर माझ्या मुलाने काय लिहून ठेवलंय ते वाचून दाखव. दारावर काहीच लिहिलेलं नव्हतं. काय सांगायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं.

राजनंदिनी बराच वेळ काही न करता बसून राहिली होती. मग तिने काहीतरी निवडलं, म्हातारीने त्यावर असं काही खवचट उत्तर दिलं की राजनंदिनी खळखळून हसली. कॅमेरा विसरून. हे हसू रतनने कॉलेज संपल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "किती वेळा फसायचं माणसाने? मी तर ठरवूनच आले होते. पण खरं सांगते, या वेळी मला नाही वाटत हे फसवतायत. मला आवडलं."

रतनने चित्रण थांबवलं आणि उठून ताटावरचं झाकण काढलं. जेवता जेवता त्याने विचार केला, तो काही वाईट माणसासारखा केला नाही. चार तासांचा सजवलेला तुकडा दाखवायचा म्हटलं तर कुणीही सजवेल. गेममधल्या एका पुलापलीकडे जायला बघितल्यावर आयोजकांच्या माणसाने राजनंदिनीला सांगितलं होतं, "ते आत्ता उघडलेलं नाही." हेही चित्रणात होतं. पहिल्या भागाच्या वेळी लोक असेच भुलले होते. 'घाई नको'ने जर 'आवडलं' म्हटलं, तर त्यांचे बघणारे उड्या मारून आगाऊ नोंदणी करतील आणि पुन्हा तोंडावर पडतील. शिवाय, हे त्याने स्वतःशी जरा हळू आवाजात कबूल केलं, 'आवडलं' ऐकायला त्यांच्याकडे कुणी येत नव्हतं.

जेवण झाल्यावर त्याने कापायला घेतलं. "किती वेळा फसायचं माणसाने? मी तर ठरवूनच आले होते." इथे तो थांबला. पुढचं काढलं. गिरणीतला तिचा तो निश्चल चेहरा उचलून त्या वाक्यानंतर ठेवला. आता ती वैतागून, हताश होऊन बसल्यासारखी दिसत होती. हसू काढलं. पुलाजवळचा प्रसंग दोनदा दाखवला. शब्द सगळे तिचेच होते, एकही त्याने पदरचा घातला नव्हता. ठरलेल्या दिवशी, व्हिडिओ टाकायला कंपनीने घालून दिलेल्या वेळेला, त्याने तो टाकला.

त्यांचा एवढा कुठलाच व्हिडिओ चालला नव्हता. एका हिंदी चॅनलने तो उचलला, मग दिल्लीच्या कुणीतरी खाली इंग्रजी भाषांतर लावून पसरवला. 'सगळं जग नाचत असताना पुण्याची एकच मुलगी गप्प बसली' असं लोक लिहू लागले. तिचा तो चेहरा कापून त्याची चित्रं झाली, लोक ती एकमेकांना पाठवू लागले. रतनच्या ऑफिसातल्या एकाने ते चित्र त्यालाच पाठवलं. रतनने त्याला 'लाइक'चं चिन्ह पाठवलं आणि दिवसभर कामात लक्ष घालायचा प्रयत्न केला.

राजनंदिनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कूटरवरून विश्रांतवाडीला आली. दार रतनच्या आईने, जयाबाईंनी उघडलं.

"ये गं. चहा टाकते."

"नको काकू. दोन मिनिटं बसते फक्त."

ती रतनच्या खोलीत आली आणि खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेला टेकली. आरडाओरडा करेल असं त्याला वाटलं होतं, तर तसं काही नाही.

"मी हसले होते ना रे तिथे?"

"हो."

"ते कुठे गेलं?"

"लांबत होतं," रतन म्हणाला.

"लांबत होतं म्हणून काढलंस?"

त्याने उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, "नाही."

"मग काऊन केलंस असं?" अमरावतीची बोली तिच्या तोंडून एकदम निसटली. "मला विचारता नव्हतं येत?"

"तू म्हणालीस, मी बघत नाही."

"तुझ्यावर भरवसा होता म्हणून म्हटलं."

"अगं, तो नमुना होता. दुकानाच्या काचेतली साडी. उद्या गेम पडला तर लोक तुलाच धरतील. मी तुला वाचवलं."

"माझं मत वाचवलंस की चॅनल?"

स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला; जयाबाईंनी चहा टाकलाच होता. राजनंदिनीने तो उभ्याने प्यायला, कप स्वतः नेऊन ठेवला आणि गेली.

तिने त्याच आठवड्यात आपलं चित्रण कुठेही न कापता, सगळंच्या सगळं चॅनलवर टाकलं. वर एवढंच लिहिलं, 'आधीच्या व्हिडिओत माझं म्हणणं अर्धं आलं होतं. हे पूर्ण.' एवढं लांबलचक बघायला फारसं कुणी थांबलं नाही. जे थांबले त्यांनी पहिल्या वाक्यापासून हिशेब मांडला. "कंपनीचा फोन आला वाटतं." "हॉटेलातली बिर्याणी पचली म्हणायची." "ताई, आधी गप्प बसलात तेच बरं होतं." एकाने तर ते हसू किती खोटं आहे हे डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून सिद्ध करून दाखवलं. त्याच माणसाने पहिल्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'महाराष्ट्रातली एकमेव खरी समीक्षक.'

रतन दोन दिवस हे वाचत राहिला. मग त्याने आपल्या नावाने लिहिलं, 'पहिला व्हिडिओ मी कापला. तिला गेम आवडला होता, मी ते काढलं. चूक माझी आहे, कंपनीचा संबंध नाही.' लिहिल्यावर त्याला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं तासभर टिकलं. पहिलं उत्तर आलं, "रतनभाऊ पण गेले." दुसरं, "नवरा-बायको असतील तर दोघांना मिळून एकच पाकीट की दोन?" पुढे त्याने वाचलं नाही. ज्यांना इतकी वर्षं कुणावरही विश्वास ठेवू नका असं शिकवलं, ती माणसं पक्की शिकली होती.

त्याने राजनंदिनीला फोन केला. तिने उचलला.

"वाचलंस का मी काय लिहिलंय?"

"वाचलं."

"कुणी मानत नाहीये."

"मीपण मानलं नसतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं असतं तर."

चॅनल तिने बंद केलं नाही, पण त्यावर नवीन काही टाकलंही नाही. पासवर्ड बदलला आणि तसं रतनला सांगितलं, भांडण न करता, घराचं कुलूप बदलल्याचं सांगावं तसं. दोघांचं बोलणं सणावारापुरतं उरलं. खराडीच्या चौकात एकदा दोघांच्या गाड्या सिग्नलला शेजारी उभ्या राहिल्या. तिने हेल्मेटची काच वर करून विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?" तो हो म्हणेपर्यंत दिवा हिरवा झाला.

'इल्मार'चा दुसरा भाग दोनदा पुढे ढकलला गेला आणि अखेर हिवाळ्यात आला. तो पडलाही नाही आणि दशकातला सर्वोत्तमही ठरला नाही. काही ठिकाणी अडकायचा, काही ठिकाणी फार सुंदर होता. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो का?" असं दोन्ही बाजूंनी लिहिलं.

रतनने तो पहिल्याच दिवशी घेतला. असं त्याने आयुष्यात केलं नव्हतं. शनिवारी सकाळी खेळायला बसला तर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला खेळताच येत नाहीये. एखादी टेकडी दिसली की तो तिच्यावर चढायच्या ऐवजी तिच्या कडा तपासायचा. एखादं माणूस भेटलं की त्याचे ओठ शब्दांशी जुळतात का ते बघायचा. कुठे थांबवायचं, कुठून कापायचं, हात आपोआप तिकडे जायचा. जयाबाई कपड्यांच्या घड्या घालत मागे बसल्या होत्या.

"चांगला आहे का रे?"

"बघतोय."

"सकाळपासून बघतोयसच. खेळ की मग."

पुढचे काही आठवडे तो थोडा थोडा खेळला. एका रविवारी एका खाणीत तो वाट चुकला. बाहेर पडायच्या नादात दुपार कधी गेली ते त्याला कळलं नाही, आणि बाहेर उजेडात आल्यावर दोष शोधायचंही राहून गेलं. त्याने तिथेच गेम थांबवून राजनंदिनीला फोन लावला.

"खाणीतून बाहेर कसं पडलीस तू?"

"पाण्याच्या आवाजामागे गेले. तू?"

"मी भिंतींना हात लावत."

"तीही वाट आहे होय? मला माहीत नव्हतं."

मग ती तिच्या वाटेचं सांगत राहिली, तो त्याच्या. कुणाला वाचवलं, कुणाला मरू दिलं, कुठला सरदार खोटारडा निघाला. जयाबाई दिवा लावून गेल्या तरी बोलणं चालूच होतं. शेवटी रतनने विचारलं, "संपवलास का पूर्ण?"

"मागच्या आठवड्यात. शेवट नाही आवडला मला. फार घाईत गुंडाळलाय. हे कुठे टाकू नकोस हं."

"कुठे टाकणार? चॅनल तुझ्याकडे आहे."

"आहे खरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवण्याआधी तिने त्याला शेवटच्या किल्ल्याकडे जाताना डावीकडचा रस्ता घ्यायला सांगितलं.