दक्षिणेला खिडकी नसलेली वखार

“तुमचा इश्वास बसनार नाई, म्याडम. आजवर कोनाचाच बसला नाई. पन या वखारीच्या माडीवरून रुईची एक गाठ उडाली अन् थेट नाचनगावच्या शिवारात जाऊन पडली. मी तिच्यावर बसेल होतो.”

एवढं बोलून नत्थूजींनी ओठात धरलेली तार काढली आणि मनकर्णाबाईंच्या छत्रीची मोडलेली काडी आवळून बांधली. मनकर्णाबाई पायरीवर बसून वाट पाहत होत्या. गोष्ट ऐकत नसल्यासारखा चेहरा करून त्या सुपारी कातरत होत्या.

पुलगावच्या स्टेशनरोडवरची ही वखार. खाली काळा दगड, वर वीट-चुन्याची माडी. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, धंदा चालत होता तोवर तीस वर्षं नत्थूजी इथे माल तोलणारे मापारी होते. धंदा बसला आणि त्याच ओट्यावर त्यांनी छत्र्या, कुलपं, स्टोव्ह दुरुस्त करायला घेतले. आता नागपूरच्या मालकाला वखार पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. जुन्या इमारतींची यादी करायला आलेली वर्षाली दोन दिवस टेप घेऊन भिंती मोजत होती. ती काय लिहील त्यावर सगळं ठरणार होतं.

“बांधकाम भक्कम आहे आजोबा, पण अशा वखारी जिल्ह्यात खूप आहेत,” असं ती सकाळी म्हणाली, तेव्हापासून नत्थूजींना चहा गोड लागला नव्हता. वखार गेली की ओटा जाणार. मग बोरगाव मेघेला मुलाच्या फ्लॅटात दिवस काढायचे, आणि तिथे सून आकांक्षा अशी, की सासऱ्याने गोष्ट सुरू केली की टीव्हीचा आवाज वाढवायची. ऐकणारंच कोणी नसेल तर माणसाने बोलायचं कोणाशी?

“एकच गोष्ट कळत नाही,” वर्षाली आता वर पाहत म्हणाली. “माडीला उत्तरेकडे अकरा खिडक्या, माणूसभर उंचीच्या. दक्षिणेला एकही नाही. एवढा उकाडा इकडे, वारा येऊ द्यायचा नव्हता का? कारण सापडलं तर मला काहीतरी वेगळं लिहिता येईल. चारची गाडी आहे माझी.”

कारण नत्थूजींना ठाऊक नव्हतं. पण ‘ठाऊक नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडाला कधी सवयीचे झालेच नव्हते.

“शेठजी भेदरट होता. यम दक्षिनेकडून येते म्हनून खिडकीच ठेवली नाई.”

“मग जिन्याचं दार दक्षिणेला कसं?”

“यम दारातून येत नाई. त्याले खिडकीच पाह्यजे.”

वर्षाली हसली, पण वहीत काही उतरलं नाही. नत्थूजींनी तिच्या हातातलं घड्याळ पाहिलं. सव्वातीन.

“मनकर्णाबाई, तुम्ही काही सांगा ना,” तिने पायरीकडे वळून विचारलं. “तुम्हीही इथे कामाला होतात म्हणे?”

“आमी रेजा वो बाई. मजुरी करनाऱ्या बायांले काय पुसता? पुसा त्याले, त्याले सारं येते.”

नत्थूजींना स्फुरण चढलं. “मंग आयका खरं कारन. त्या साली रुई इतकी हलकी पिकली का शिंक आली तरी ढीग जागचा हालत होता. दक्षिनेले खिडकी असती तं आरपार वारा सुटला असता अन् माडी उडाली असती! तरी एक गाठ उत्तरेच्या खिडकीतून निसटलीच. मी तिले ओढाले लोखंडी आकडा टाकला, तं मलेच घेऊन गेली.”

“नाचणगावपर्यंत?”

“हौ ना! खालून लोकं म्हनत, नत्थू, काऊन उडून राह्यला? मी म्हनलं, उतरल्यावर सांगतो.”

“आणि तुम्ही तेव्हा माडीवर काय करत होता?”

“रुई वाळवत होतो. दुपारचं ऊन असं खिडकीतून भसाभस आत येई, अन् त्या उन्हात रुई चमकून राह्यली होती…”

पायरीवर अडकित्ता खाड्कन मिटला.

“ऊन?” मनकर्णाबाई उठून उभ्याच राहिल्या. “त्या माडीत ऊन आलं कधी रे बुढ्या? उन्हात सारीच रुई पांढरी दिसते! पिवळी कोनती, डागी कोनती, काई समजत नाई. म्हनून तं उत्तरेच्या खिडक्या! तिकडून सूर्य येत नाई, दिवसभर एकसारखा उजेड. त्या उजेडात आमी चाळीस बाया वळीनं बसून रुई निवडत होतो. एका खिडकीखाली चार, शेवटची मुकादमीनीची. ढग आले तं काम बंद, पन कंदील लावू देत नव्हती.”

वर्षालीची वही कधी उघडली ते कोणालाच कळलं नाही. “म्हणजे अख्खी माडी बायांच्या डोळ्यांसाठी बांधली होती?” ती पटापट लिहीत म्हणाली. “अशी दुसरी वखार मी पाहिली नाही. हे नोंदलं तर पाडायची परवानगी मिळणं अवघड आहे. बाई, तुमच्या जागेवर बसून दाखवता? गाडी गेली तर जाऊ द्या.”

मनकर्णाबाईंनी छत्री तशीच सोडली आणि जिन्याकडे वळल्या. नत्थूजी घाईघाईने तार खिशात घालत मागे निघाले.

“तेच मी सांगून राह्यलो होतो, म्याडम! चला, मी दाखवतो, माह्या पायाखालचा जिना हाय…”

“खोटं!” मनकर्णाबाई पहिल्या पायरीवरूनच ओरडल्या. “मापाऱ्याले आमी माडीवर पायच ठेवू देत नव्हतो. तीस वर्सांत एक डाव वर आला नाई हा मानूस, अन् उडाला म्हनते खिडकीतून!”