माझ्यावर दुसऱ्याचं कुलूप

मी एका भाड्याच्या खोलीचा दरवाजा बोलतोय. परभणीत, सरकारी दवाखान्याजवळच्या एका गल्लीत उभा आहे. दरवाजाला कुणाची बाजू नसते असं लोक समजतात. मी मात्र एकदा बाजू घेतली आहे आणि ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

सिताराम सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. वालूरच्या माणिकरावांनी इथं घर बांधलं आणि तीनच वर्षांत ते वारले. मग त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, मागच्या खोल्यांत संसार आवरता घेतला आणि रस्त्याकडची माझी खोली भाड्यानं दिली.

गल्लीतले घरमालक ओट्यावर टेकून तिला शहाणपण शिकवायचे. भाडेकरूला कागद देऊ नका, वर्ष भरायच्या आत बदलत जा. हा भाड्याचा कायदा मालकाच्या लय वाईटावर आहे, माणूस एकदा आत बसला की सरकारी साहेबाच्या हुकमाशिवाय हलत नाही. बाई मान हलवायची आणि निवडत असलेली डाळ निवडत राहायची.

१९७८च्या उन्हाळ्यात कोकिळा आली. दवाखान्यात नर्स होती. चार घरांनी तिचं आडनाव ऐकलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. इथं मात्र तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलून टाकलं.

"मावशी, मी बौद्ध हाय. मागून कळून कटकट नको."

मनकर्णाबाईनं फक्त ड्यूटीच्या वेळा विचारल्या आणि किल्ली तिच्या हातात दिली.

दोनच महिने गेले असतील. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या. कोकिळा ड्यूटीवरून आली की कडी लावून पाठ मला टेकवायची. तिचा धपापणारा श्वास माझ्या फळ्यांना कळायचा.

गल्ली कुजबुजू लागली. मग वालूरहून बाईचा धाकटा दीर राधाकिशन आला. घराण्याच्या अब्रूचं बोलला, आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगून गेला. बाईनं त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी ती वकिलाकडे गेली. तिथं काय बोलली ते तिनं माझ्याशेजारी बसून कोकिळेला सांगितलं.

"वकीलसायबाला म्हणलं, मला माझाच भरवसा न्हाई. उद्या मी भिले तरी मला हिला काढता येऊ नये, असा कागद करा."

ज्या कायद्याला सगळी गल्ली भीत होती, तोच तिनं आपण होऊन घरात आणला. भाड्याच्या कागदावर एक अंगठा उमटला, शेजारी एक सही झाली.

आठव्या दिवशी दुपारी कोकिळा ड्यूटीवर असताना राधाकिशन आला आणि त्यानं माझ्या कोयंड्याला स्वतःचं कुलूप ठोकलं. आत तिची पेटी, तिच्या आईचा फोटो. मी आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या माणसासाठी बंद झालो होतो.

बाई बाजारातून आली. पिशवी खाली ठेवली. किल्ली मागितली. त्यानं दिली नाही. गल्ली ओट्या-ओट्यांवर उभी राहून बघायला लागली.

"भावजी, ह्या खोलीचा ताबा आता तिचा हाय. साहेबाचा हुकूम आणा, मग कुलूप लावा."

"घर आमच्या भावाचं हाय, वैनी."

"मग भावाच्या बायकोला फोडू द्या."

ती आतून पहार घेऊन आली. चौथ्या घावाला मी कोयंडा सोडून दिला आणि सोबत माझा हातभर ढलपा उडाला. दुखलं. पण तसा आनंद मला घडवतानाही झाला नव्हता. राधाकिशन पुढं झाला, वहिनीच्या हातातल्या पहारीकडे पाहिलं आणि थांबला.

एवढ्यात कोकिळा आली आणि गर्दी पाहून गल्लीच्या तोंडाशीच खिळली. बाईनं तिला हाक मारली.

"ये. जेवून घे. दरवाजा उद्या नीट करू."

कोकिळा सगळ्यांच्या मधून चालत आली आणि आत गेली.

राधाकिशन पुन्हा या घरी आला नाही. गल्लीनं बाईला लग्नकार्याला बोलावणं सोडलं, ते कित्येक वर्षं. तिनं त्याचा शब्दही काढला नाही. कोकिळा सोळा वर्षं राहिली. विद्यापीठाला नाव मिळालं त्या वर्षी तिनं स्वतःचं घर बांधलं आणि ती गेली. मनकर्णाबाई दिवसभर माझ्याजवळ बसून होती.

आता नवं बिऱ्हाड आलंय. एसटीतला ड्रायव्हर, त्याची बायको, दोन लेकरं. गल्लीनं पुन्हा तोच सल्ला दिला. बाईनं पुन्हा कागद केला.

घरमालकांनो, घर तुमचं आहे, ते मी नाकारत नाही. पण एकदा किल्ली दिलीत, की तिच्या मागून कुलूप घेऊन येऊ नका. मला खालून वाळवी लागलीय, पावसाळ्यात मी फुगतो. तरी बिजागऱ्या शाबूत आहेत, आणि माझी कडी आतल्या बाजूला आहे. ती आत राहणारा माणूसच काढील.